पन्नासपर्यंत

त्या दिवशी हेक्टर मॅकइसाकला हसू आवरत नव्हतं. हातात असे पत्ते आले होते की जन्मात एखाद्याच वेळी यावेत. संगणकाच्या पडद्यावर, तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला आल्बर्टात, त्याचा धाकटा भाऊ लॉकी आपले पत्ते छातीशी धरून बसला होता. दर रविवारी चर्चमधली मास-प्रार्थना आटोपून घरी आलं की दोघा भावांचा क्रिबेजचा डाव चालायचा. मोरॅग, म्हणजे हेक्टरची बायको, शेजारी बसून विणायची आणि दोघांच्या लबाड्यांवर लक्ष ठेवायची.

लॉकीची बायको पेगी वसंतात वारली होती. त्यानंतर लॉकीने तिचं नाव काढलं नव्हतं. हेक्टरही विचारत नव्हता. तो भावासमोर पत्ते वाटायचा आणि मच्छीमारांच्या जुन्या खोड्या सांगायचा.

हेक्टर पत्ते टाकून खदखदून हसला, आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. लॉकीचा हात हवेतच राहिला. गोल फिरणारं चिन्ह आलं. आवाज तुटक येऊ लागला: "...पेगी... ते कपाट... उघडवतच नाही रे..." मग काहीच नाही. थोड्या वेळाने चित्र हललं तेव्हा लॉकीचा चेहरा लालबुंद झाला होता.

"हस, हस अजून!" एवढंच ऐकू आलं आणि पडदा काळा झाला.

काय झालं ते मोरॅगच्या लगेच ध्यानात आलं. इकडे लॉकी गोठला तसा तिकडे हेक्टर गोठला होता, दात काढून हसताना. बिचारा लॉकी मनातलं पहिल्यांदाच बोलत होता आणि समोर भाऊ खिदळत होता.

हेक्टरने फोन केला, लॉकीने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मोरॅगचा उचलला, पण तिने सांगायला सुरुवात करताच म्हणाला, "वहिनी, त्याच्या वतीने यंत्रावर खापर फोडू नकोस. इंटरनेटला पन्नासचा वेग घेतलाय म्हणून तोच फुशारक्या मारत होता ना?"

ते मात्र खरं होतं. फुशारकी मारली होती.

हेक्टर जेवेनासा झाला. ओटकेक चहात बुडवायचा आणि तसाच विसरायचा. मोरॅगने त्याच्याकडे पाहिलं, विणकाम बाजूला ठेवलं आणि इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला.

फोनमध्ये बराच वेळ बासरी वाजल्यावर एक गोड आवाजाची बाई आली. तिने तिकडून काहीतरी तपासलं. "मॅडम, तुमच्याकडे चारचा वेग पोचतोय. लाइन व्यवस्थित चालू आहे."

"आम्ही पन्नासचे पैसे भरतो."

"जाहिरातीत 'पन्नासपर्यंत' असं म्हटलंय, मॅडम. चारसुद्धा पन्नासच्या आतच येतात."

"असं होय? मग मीही बिलाचे सत्तर डॉलरपर्यंत देत जाईन. या महिन्यात सहा घ्या."

बाई म्हणाली, करार दोन वर्षांचा आहे, मध्येच सोडला तर दंड बसेल.

"गोठलेल्या नवऱ्याचा दंड कोण भरणार?" असं विचारून मोरॅगने फोन ठेवला. त्या बाईला काही कळलं नसणार.

अशा कंपन्यांविरुद्ध तक्रार ऐकणारं एक कार्यालय आहे आणि ते फुकट काम करतं, हे मोरॅगला वाचनालयातल्या बाईने सांगितलं. पण ते ऐकूनही ती चार दिवस थांबली. कारण हे कनेक्शन दारात येऊन विकलं होतं ते अलिस्टरने. हेक्टरच्या बहिणीचा मुलगा, चाळिशीचा. लॉबस्टरच्या बोटीवर गुडघा गेला तेव्हापासून कंपनीचा शर्ट घालून दारोदार फिरत होता. तक्रार केली तर घरच्याच माणसाच्या पोटावर पाय यायचा.

शेवटी तिने त्याला जेवायला बोलावलं. माशाचं दाट सूप, चाउडर, वाढलं आणि सगळं सांगितलं. अलिस्टरचा चमचा थांबला.

"लॉकीमामा बोलत नाही? यामुळे?"

"तू आम्हाला काय सांगितलं होतंस, आठवतंय?"

"पन्नास म्हणालो होतो. 'पर्यंत' हळू म्हणायचं, असं शिकवलंय आम्हाला." तो वाडग्याकडेच बघत राहिला. "मामी, या दरीतली तार माझ्यापेक्षा म्हातारी आहे. इथे पन्नास येणार नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं."

"तुझ्या नोकरीचं काय?"

"तू तक्रार कर. साक्षीला माझं नाव घाल."

"वेडा आहेस का?"

"हो. सगळं खानदानच आहे. अजून चाउडर आहे?"

तिने तक्रार केली. दारात काय कबूल केलं होतं ते अलिस्टरने स्वतःच्या तोंडाने त्या कार्यालयाला सांगितलं. पण त्याआधी, जेवायला आला होता त्याच संध्याकाळी, गाडीत बसल्या बसल्या त्याने आल्बर्टाला फोन लावला. मोरॅग ओसरीत उभी होती. खिडकीची काच खाली होती, म्हणून तिला सगळं ऐकू आलं.

"मामा, फोन ठेवू नकोस. हेक्टरमामाला तू दिसतच नव्हतास. खोटं मी विकलं, त्याने नाही... हो... मला शिव्या दे ना, मी ऐकतो. इकडे तो म्हातारा जेवत नाहीये."

मग बराच वेळ अलिस्टर नुसता हुंकार देत राहिला.

निकाल यायला हिवाळा उजाडला. कंपनीला दंड न घेता करार सोडावा लागला, आणि जास्त घेतलेले पैसे परत द्यावे लागले. अलिस्टरने निकालाची वाट पाहिलीच नव्हती. शर्ट केव्हाच परत देऊन आला होता. सध्या तो चर्चचं छप्पर रंगवायचं काम मिळतंय का ते बघत होता, त्या गुडघ्यासकट. मोरॅग त्याला त्यावरून रोज बोलायची आणि रोज जेवायला घालायची.

टेकडीवर गावच्या सहकारी संस्थेचा इंटरनेटचा खांब होता. त्यांचा माणूस घरी आला, मोजून म्हणाला, "वीस मिळतील. एकवीस मागू नका." मोरॅगला तो फार आवडला.

नवं कनेक्शन आल्यावर पहिल्याच रविवारी लॉकी पडद्यावर आला. दाढी वाढली होती. अलिस्टरच्या त्या फोननंतर दोघं फोनवर बोलले होते, पण हवापाण्याचंच. हेक्टरने पत्ते पिसायला घेतले आणि खाली ठेवले.

"लॉकी, त्या कपाटाचं काय म्हणत होतास?"

लॉकी हळूहळू बोलू लागला. पेगीचा निळा कोट, तिची चर्चची टोपी, तिच्या खिशात कायम असायच्या त्या पेपरमिंटच्या गोळ्या. एकही शब्द तुटला नाही. हेक्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते तिकडे लख्ख दिसत होतं.

"अरे देवा," लॉकी नाक पुसत म्हणाला, "रडताना किती कुरूप दिसतोस रे तू."

"तुझाच भाऊ आहे. मार्चमध्ये मी आणि मोरॅग येतो. कपाट तिघं मिळून उघडू."

"विमानाला घाबरतोस ना तू?"

"घाबरतो. मोरॅगचा हात धरून बसेन."

"माझा हात मोडेल," मोरॅग म्हणाली आणि चहा टाकायला उठली. मागे पत्ते पिसल्याचा आवाज आला. ती स्वयंपाकघरात पोचते न पोचते तोच लॉकी ओरडला, "ए, दोन पत्ते घेतलेस तू! मला सगळं दिसतंय!"