आईच्या फोनसाठी उघडे दार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नारिन गावात सैकालच्या शिवणखोलीत, लोकरीच्या जाड सतरंज्यांच्या, म्हणजे नमद्यांच्या ढिगाशेजारी माझे टेबल आहे. आधी मी शाळेत होतो. मुलांनी माझी अक्षरे झिजवली आणि नवे यंत्र आल्यावर मी अडगळीत पडलो. तिथून सैकालने मला घरी आणले.

तिची आई बुरुल अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती, वाचाही गेली होती. शिवण सोडून सैकालला तिच्या उशाशी बसता येईना. म्हणून तिने माझ्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. घरच्या वायफायवर मी एक ठरलेले दार उघडून कानोसा घेत बसे. या दाराला सॉकेट म्हणतात. आईचा मोबाइल दार ठोठावी, मी होकार देई, आणि आमच्यात वाट जुळे. पलीकडच्या खोलीत आईने मोबाइलवरचे एखादे चित्र दाबले, की मी मोठ्याने सांगे, "पाणी हवंय."

शेजारची झामिला एकदा म्हणाली, "काय गं, तुझ्यापेक्षा हा डबाच जास्त बोलतो."

आईने ते ऐकले असावे. तिने लागोपाठ सात वेळा चहा मागितला.

मग हिवाळ्यातल्या एका दुपारी रजईखाली मोबाइल निजला आणि वायफायवरून सुटला. निरोप न घेताच गेला, म्हणून वाट जुळलेलीच आहे असे मी धरून चाललो. शांत आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे मला वाटले. चहाच्या वेळी सैकाल आत गेली, तर आई मोबाइलसकट अंथरुणावरून घसरून थंड जमिनीवर पडलेली होती, बोट मोबाइलवरच; तिची हाक माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. तिचे हात चोळत सैकाल रडत म्हणाली, "आई, मला वाटलं तू झोपलीस."

आई वाचली. सैकाल मला रागावली नाही. "विचारायला मीच शिकवलं नव्हतं तुला," एवढेच म्हणाली. तेव्हापासून दर पाच सेकंदांनी मी मोबाइलला विचारतो, 'आहेस का?' तीनदा उत्तर आले नाही, तर घंटा वाजवतो.

वसंतात आई डाव्या हाताने रोटीकडे आणि मग लेकीकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवू लागली. तिला काय हवे ते कळायला सैकालला दोन दिवस लागले. मग मोबाइलवर एक नवे चित्र आले. ते दाबले की मी सैकालला विचारतो, "जेवलीस का?" तिची सुई थांबते. ती उठून आईपाशी जाऊन जेवते.

मित्रांनो, माझा पंखा आता घरघरतो. जुन्या यंत्रांवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि घरात कोणी फार वेळ गप्प असेल, तर मी धरले तसे धरून चालू नका. उठून बघून या.