परीक्षेतला आंबा

मी एक आंबा बोलतोय. खायचा नव्हे, पुठ्ठ्यावरचा. नागपूरच्या गुणवंतरावांनी मला एका पेंटरकडून रंगवून घेतलं. ते शिक्षणशास्त्राचे अभ्यासक, जंगलातल्या मुलांची बुद्धी मोजायला निघालेले. बावीस चित्रांत मीच देखणा, असा माझा तोरा होता.

सत्तावन्न सालच्या वैशाखात आम्ही धानोऱ्याला पोचलो. तिथल्या आश्रमशाळेत चारच जागा होत्या. चाचणीत पुढे येतील त्या मुलांना त्या मिळायच्या. कोलू नावाचा एक गोंड आपल्या लेकीला, बुधरीला घेऊन दोन दिवस चालत आला होता. पोरगी चुणचुणीत. बैल, टोपली, मडकं, सगळं तिनं पटापट ओळखलं. मग माझी पाळी आली.

"झाडावर पिकलेला आंबा दिसला, तर काय करशील?" गुणवंतरावांनी विचारलं. शिपाई लटारूनं ते गोंडीत सांगितलं. बुधरीनं माझ्याकडे पाहिलं आणि हात पाठीमागे नेले.

"हिल्ले," ती म्हणाली.

"नाई म्हंते, साहेब. तोडनार नाई, खानार नाई," लटारूनं मराठीत सांगितलं.

गुणवंतरावांनी शून्य दिलं. शेरा लिहिला, 'साधी समज नाही.' खरं सांगतो, मलाही तिचा रागच आला. मला नको म्हणते म्हणजे काय! त्या एका प्रश्नानं तिची जागा हुकली. यादी त्याच दिवशी चांद्याला, जिल्ह्याच्या कचेरीत गेली.

दुसऱ्या सकाळी शाळेमागे पडलेला एक आंबा गुणवंतरावांनी उचलला, धोतराला पुसला आणि कोलूपुढे धरला. कोलू दोन पावलं मागे सरला.

"नको साहेब. आमचा पंडुम, आंब्याचा सन, व्हाचा हाय. नवा आंबा पयले देवाले. त्याच्या आंधी आमी खात नाई, लेकरंबी नाई."

गुणवंतरावांनी आंबा खाली ठेवला आणि बुधरीचा शेरा पुन्हा काढून वाचला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला समज होती, आम्हालाच नव्हती.

त्यांनी वर पत्रांवर पत्रं पाठवली. यादी बदलता येत नाही, एवढंच उत्तर आलं. मग त्यांनी माझ्यावर लेख लिहिला. मुलांची भाषा आणि रीतभात जाणून प्रश्न विचारा, असं त्यात कळवळून सांगितलं. सभेत टाळ्या पडल्या. कोलू मात्र केव्हाच पोरीला घेऊन आल्या वाटेनं परत गेला होता.

आता दोन वर्षं मी टेबलाच्या खणात पडून आहे. पिवळा रंग पार विटलाय. माझ्या पाठीवर गुणवंतरावांनी लिहिलंय, 'बुधरीचं उत्तर बरोबर. चूक माझी.' आल्यागेल्याला ते दाखवतात. तिला कुणी दाखवलं नाही.

तुमच्यापैकी कुणी धानोऱ्याकडे निघालं, तर मला सोबत न्या. बुधरीला माझी पाठ दाखवा. आणि वाचूनही दाखवा, तिला वाचता येत नाही.