चेतनाचा हात थांबेना

चेतना भाजलेल्या शेंगा फोडत आफरीनने काढलेली चित्रकथा वाचत होती. डाव्या हाताने पान उलटायचं, उजव्या हाताने शेंग फोडायची, दाणे तोंडात, टरफलं मांडीवरच्या कागदात. आफरीन तिच्यासमोर उकिडवी बसून त्या उजव्या हाताकडे टक लावून बघत होती.

पहिल्या पानावर एका माणसाचा गळा फाडलेला होता. शेंग फुटली. दुसऱ्या पानावर सात जणांची डोकी उडाली होती. शेंग फुटली. तिसऱ्या पानावर किल्ल्याच्या भिंतीशी आतड्यांचा हा एवढा ढीग! ते पान चेतनाने जरा डोळ्यांजवळ नेलं आणि आफरीन पुढे सरकली.

"ही आतडी हायत का शेवया गं?" चेतना म्हणाली, आणि शेंग फुटली.

बाकीची पोरं हसून हसून लोळायला लागली.

हे चाललं होतं सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात, एकनाथ सरांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. सर तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. दर रविवारी ते दोन स्कूटर बाजूला सरकवून तिथे सतरंजी अंथरायचे, पुस्तकांच्या तीन पेट्या उघडायचे आणि पोरांचं वाचनालय सुरू व्हायचं. वर्षातून एकदा पोरांचा हस्तलिखित अंक निघायचा, त्याच्या शंभर झेरॉक्स प्रती वाटल्या जायच्या. यंदाचा विषय पोरांनीच ठरवला होता, ‘जग संपल्यानंतरचं सोलापूर’. परीक्षकही त्यांनीच नेमला. चेतना पालीला शेपटीने धरून बाहेर टाकायची आणि दातांच्या डॉक्टरकडून स्वतःचा उपटलेला दात खिशात घालून घरी आणायची. असली ही मुलगी. ज्या कुणाच्या चित्रकथेने चेतनाचा शेंगा फोडणारा हात थांबेल, त्याला अंकाचं मुखपृष्ठ मिळणार होतं.

मुखपृष्ठ! तीन वर्षं आफरीनची चित्रं आतल्या पानांत, कुणाच्या तरी कवितेखाली लहानशी छापली जात होती. यंदा नववीत होती, पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे ही शेवटचीच संधी. तिच्या अब्बांनी, गौसभाईंनी, आख्ख्या रिक्षा स्टॉपला सांगून ठेवलं होतं. शेजारच्या कमलम्मा म्हणाल्या होत्या, "पहिल्या पानावर आलीस तर फ्रेम करून माझ्या दारावर लावते, बघ." आता एवढं सगळं झाल्यावर मागे कसं हटायचं?

म्हणून तिने रक्त सांडलं होतं. लाल रंगाची तीन पेनं संपवली होती. माणसांना फाडून खाणाऱ्या त्या मेलेल्या माणसांना तिने नावही स्वतःच दिलं होतं, फाडू.

तेवढ्यात सर झेरॉक्सच्या दुकानातून परत आले. नमुना म्हणून सगळ्यांच्या एकेका पानाची प्रत काढून आणली होती. आफरीनने आपलं पान बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. यंत्राला लाल कुठलं कळतंय? सगळं रक्त काळंठिक्कर झालं होतं. कुठे गळा, कुठे डोकं, काही पत्ता नाही, नुसते डाग.

"तुझ्या फाडूंनी डांबर पिलंय काय?" अवधूत ओरडला. तोही मुखपृष्ठासाठी लढत होता आणि त्याच्या वेळीही चेतनाचा हात थांबला नव्हता, पण ते तो सोयीस्कर विसरला होता.

"गप की रे! तुझ्या झोंब्यांना तरी कोण भ्यालं?"

"निदान ते दिसतात तरी!"

"पुढच्या रविवारी दोघांनाही आणखी एक संधी," सर म्हणाले. "नंतर मात्र अंक छपाईला जाणार."

पोरं पांगली. आफरीन मागे राहिली. आता सर म्हणणार, मुलींनी असलं काढू नये, फुलं काढ, चिमण्या काढ. तिने उत्तर तयार ठेवलं होतं. पण सरांनी तिची चारी पानं सतरंजीवर ओळीने मांडली, चष्मा पुसला आणि पालथे पडून एकेक चित्र बघायला लागले.

"या गोष्टीत किती माणसं मेली?"

"एकवीस. थांबा, हे धड धरलं तर बावीस."

"त्यातल्या एकाचं नाव सांग."

आफरीनला एकही नाव आठवेना. तिने दिलंच नव्हतं.

"बरं. ही आतडी. तू खरी बघितली आहेस का कधी?"

"व्हय की. बकरी ईदला धुताना मीच पाणी घालते."

"अशी असतात?"

"न्हाय सर. निळसर असतात. वर चरबीची जाळी असते, पांढरी, मच्छरदाणीसारखी." तिने बोटांनी जाळी दाखवली. "आणि गरम असतात. थंडीत धरली तर वाफ येते."

सरांनी आपला हात तिच्यापुढे केला. "बघ. काटा आला. हे तुला ठाऊक होतं, मग शेवया का काढल्यास?"

"नेटवर तशाच काढतात."

"ज्याने काढल्या त्याने बोकड बघितला नसेल. तू बघितला आहेस." सरांनी पानं गोळा करून तिच्या हातात दिली. "रक्ताला माझी ना नाही, आफरीन. पण तू दुसऱ्याची भीती उचलून आणली आहेस. तुझी स्वतःची आण. शेवटची कधी भ्यालीस?"

"मी न्हाय भीत कशाला."

"मग चेतना कशी भिणार?" सर हसले आणि स्कूटर जागेवर लावायला उठले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. आफरीनने आठ कागद फाडले. बुधवारी तर तिने भीती वाटावी म्हणून एकटीने अंधाऱ्या माळ्यावर बसून बघितलं. तिथे तिला झोप लागली.

गुरुवारी सकाळी साडेआठला ती शाळेचं दप्तर भरत होती, तेव्हा नळाने आधी फुसफुस केली आणि मग धो धो आवाज आला.

"पानी आया गे!" अम्मी, म्हणजे माजिदा, स्वयंपाकघरातून ओरडली. "आफरीन! घागर ला गे जल्दी!"

त्यांच्या गल्लीला पाचव्या दिवशी पाणी यायचं. पाळी शुक्रवारची होती, आज एक दिवस आधीच आलं. मग काय विचारता! दप्तर एकीकडे, आफरीन दुसरीकडे. ड्रम, घागरी, बादल्या, कुकर, दुधाचं पातेलं, भांडं म्हणून जे दिसेल ते नळाखाली. गल्लीभर तीच पळापळ, तोच भांड्यांचा आवाज. कुणी तोंडावरचा साबण तसाच ठेवून घागर उचलत होतं, कुणी गच्चीवरून "मोटर लावा, मोटर लावा!" म्हणून ओरडत होतं.

आफरीन घागर घेऊन उंबऱ्यावर आली आणि तिच्या पायाला गार लागलं. पाणी. गल्लीतून वाहत होतं. तिने वर बघितलं. ते कमलम्मांच्या दाराखालून येत होतं.

आता कमलम्मा कोण, तर कुणाच्या घागरीतून चार थेंब उतू गेले तरी खिडकीतून डोकं काढून बोलणाऱ्या. "रक्त हाय ते, रक्त! सांडता काय?" पाणी आलं की सगळ्यांत आधी त्यांच्याच ड्रमचा आवाज. त्या बाईच्या घरातून पाणी उतू चाललंय आणि आतून हाक नाही, भांड्याचा आवाज नाही?

एकेक करून सगळी गल्ली थबकली.

"कमलम्मा!" अम्मीने दार वाजवलं. दाराला आतलं लॅच, त्यामुळे बाई घरात आहे की नाही, बाहेरून कळायचा मार्गच नव्हता. "ओ कमलम्मा!"

फक्त पाण्याचा आवाज. भरलेल्या भांड्यात पाणी पडतं तेव्हा येतो तसा जड, गुबगुबीत आवाज.

आफरीनच्या अंगावर सरसरून काटा आला. तिला एकदम सगळं दिसायला लागलं: पायरीवरची कमलम्मांची रोजची चप्पल, तिच्यावरून वाहणारं पाणी, खिडकीतला बंद पडदा. तिच्या मागे, तिच्या स्वतःच्या घरातली बादलीही उतू चालली होती आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

समोरच्या घरातले इमामसाब चाचा भिंतीवर चढून आत उतरले. मग नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चाचांची हाक. "कोई नै! घर खाली है!"

अम्मीने कमलम्मांना फोन लावला. कमलम्मा अक्कलकोटला निघाल्या होत्या, लेकीकडे. पाणी आलेलं झोपेतही कळावं म्हणून त्या नळ उघडा ठेवून खाली रिकामी घागर ठेवत, सगळेच ठेवतात. पहाटे लेकीचा फोन आला, घाईत निघाल्या, नळ राहिला तसाच.

"आज आलं?" त्यांचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू गेला. "अय्यो, वार उद्याचा हाय की! ड्रम भरला का? घागरी? बाजूचं पिंप? मग बंद करा, फोनवर काय बोलता, आपलं भरून घ्या!"

गल्ली एवढी हसली की इमामसाब चाचा भिंतीवरून उतरता उतरता घसरले. आफरीन मात्र हसली नाही. ती धावत घरात गेली, बादली सरकवली, नळ फिरवला आणि ओल्या हातानेच वही उघडली. सापडलं होतं! तिच्या अंगावर अजून काटा होता, तो जायच्या आत तिला तो कागदावर उतरवायचा होता. लाल पेनाला तिने हातही लावला नाही. त्या दिवशी शाळेत पोचायला तिला तिसरा तास उजाडला.

शनिवारी संध्याकाळी तीन पानं झाली आणि चौथ्यावर गाडी अडली. माणसं तर संपली. पाणी वाहतंय. आता पुढे कोण येणार? फाडू येणार. कशाला येणार? खायला तर कुणी उरलं नाही. आफरीन पेन चावत बसली. मग तिने डोळे मोठे केले, स्वतःशीच "अय्यो!" म्हणाली आणि काढायला लागली.

रविवारी आधी अवधूतची पाळी. त्याने एसटी स्टँडवर आख्खी बस उडवली होती, पंचेचाळीस सीट आणि उभे प्रवासी वेगळे. चेतनाने शांतपणे दोन मुठी शेंगा संपवल्या.

"पुढचा," ती म्हणाली.

आफरीनने चार पानं पुढे केली. पोरं भोवती दाटली. सर जरा मागे, पेटीवर टेकून उभे राहिले.

पहिलं पान. रिकामी गल्ली, प्रत्येक दारात चपलांचे जोड.

"रक्त कुटंय?" चेतनाने विचारलं. शेंग फुटली.

दुसरं पान. दारोदार ओळीने ठेवलेले ड्रम, घागरी, कुकर, सगळे कोरडे. शेंग फुटली, पण जरा सावकाश.

तिसरं पान. नळ. धो धो पाणी. घागर भरून वाहतेय, ड्रम भरून वाहतोय, पाणी उंबऱ्यावरून, पायरीवरच्या चपलेवरून गल्लीत चाललंय, आणि साऱ्या गल्लीत कुणी नाही.

चेतनाने शेंग उचलली. ती दोन बोटांत तशीच राहिली.

"अगं," ती म्हणाली, "नळ चालू हाय की." मग मोठ्याने, "बंद करा की कुणीतरी!"

"पान उलट," आफरीन पुटपुटली.

चेतनाने पान उलटलं. नळावर एक हात आला होता. कोपरापासून मनगटापर्यंत मांस फाटलेलं, त्यावर चरबीची पांढरी जाळी लोंबत होती, आतल्या शिरा तोटीवर ताणलेल्या, आणि उघड्या हाडावरून काचेच्या पाच बांगड्या घरंगळून मनगटाशी अडकलेल्या. वर अर्धा चेहरा, जबडा नव्हताच. त्या बाईने नळ घट्ट फिरवला होता. तोटीला शेवटचा एक थेंब लटकत होता.

शेंग खाली पडली. टरफलांचा कागदही मांडीवरून घसरला.

"मेली," चेतना हळूच म्हणाली, "तरी नळ बंद करायला आली."

"थांबला!" कुणीतरी किंचाळलं. "हात थांबला!" आणि पार्किंगमध्ये जो गलका उडाला, त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. अवधूतने पानं हिसकावून घेतली, बघितली, पुन्हा तिसऱ्या पानावर गेला. "आयला," एवढंच म्हणाला, आणि मग, "जाळी कशी काढलीस? मला शिकव की."

सर पुढे आले. चौथं पान हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरलं. त्यांनी शाबासकी दिली नाही, एकच विचारलं.

"हिचं नाव काय?"

"कमलम्मा," आफरीन म्हणाली, आणि या वेळी तिला जराही विचार करावा लागला नाही.

पंधरा दिवसांनी अंक आला. झेरॉक्समध्ये काळं काळंच राहिलं होतं आणि पांढरी जाळी लखलखत होती. मुखपृष्ठावर तो हात, तो नळ आणि मोठ्या अक्षरांत आफरीनचं नाव. ती प्रत घेऊन कमलम्मांच्या दारात उभी राहिली. आपल्याला अर्धं खाल्लेलं बघून त्या काय म्हणतील, कोण जाणे.

कमलम्मांनी चष्मा लावला. चित्र लांब धरलं, जवळ धरलं. बांगड्या मोजल्या, मग आपल्या हातातल्या मोजल्या.

"जबडा कुठं गेला माझा?"

"फाडूंनी... खाल्ला."

"हूं." त्यांनी आणखी निरखून बघितलं. "आणि हा थेंब? गळतोय काय अजून?"

"न्हाय न्हाय! शेवटचा हाय तो."

"मग ठीक."

त्या दिवसापासून ते चित्र फ्रेम करून त्यांच्या दारावर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या थांबवतात, बोट ठेवून दाखवतात आणि सांगतात, "ही मीच. बघा, कसा घट्ट बंद केलाय नळ."