बापाने निवडलेलं माप

त्या शुक्रवारी सकाळी प्लामेनने अंगणात कोकरू कापलं आणि हात धुवायच्या आधीच रस्त्यापलीकडून माझ्या बायकोला हाक मारली, "नेवेना, पाव फुगला का?"

"तुझ्यासारखाच फुगलाय," नेवेना खिडकीतून म्हणाली. "पण त्याला बोट लावलं की खाली बसतो. तुला कोण लावणार?"

प्लामेन हसला आणि कातडं सोलायला लागला. त्याची थोरली मुलगी वेलिना शाळा संपवून त्या संध्याकाळी निरोपाच्या नाचाला जायची होती. आमच्या गावात हा दिवस लग्नापेक्षा मोठा. अंगणात टेबलं लागतात, ढोल-क्लॅरिनेटवाले येतात, सगळी गल्ली जेवते, आणि मुलगी झगमगता झगा घालून घरातून बाहेर येते तेव्हा माणसं कुंपणावर चढून बघतात.

नेवेना वेलिनाची धर्मआई. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून तिनेच तिला वर उचललं होतं. आम्हाला मूल नाही, त्यामुळे नेवेनाचा जीव त्या पोरीत होता. धर्मआईने पाव भाजायचा, आणि मुलगी निघायच्या आधी तो तिच्या डोक्यावर धरून दोघींनी दोन बाजूंनी ओढायचा, ही आमची रीत. मोठा तुकडा जिच्या हातात येईल ती आयुष्यात कुणापुढे वाकत नाही, असं मानतात. म्हणून मुली दातओठ खाऊन ओढतात. धर्मआईही लगेच सोडत नाही. सोडला तर बायका तिला हसतात.

हल्ली दुसरी एक रीत पडली आहे. पूर्वी शाळा संपली की आईबाप मुलीला घड्याळ द्यायचे, कानातले द्यायचे. आता छाती देतात.

वेलिनालाही दिली होती. एप्रिलमध्ये आईबाप तिला जिल्ह्याच्या गावी डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने टेबलावर सिलिकॉनच्या पिशव्या लहान ते मोठ्या अशा ओळीने मांडल्या. पोरगी काटकी, छातीचा पिंजरा अरुंद. डॉक्टरने दुसऱ्या नंबरच्या पिशवीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हिला हे बसेल."

प्लामेनने ती उचलली, तळहातावर उडवून बघितली आणि खाली ठेवली. "एवढ्याशासाठी पोरीला कापायचं? लोकांना दिसलं तरी पाहिजे!" त्याने शेवटून दुसरी उचलली.

"मोठंही बसवता येतं," डॉक्टर म्हणाला. "पिशवी बसायला आतला खण थोडा जास्त खोदावा लागेल."

"खोदा की."

रुम्याना, वेलिनाची आई, खुर्चीत बसून मान डोलवत होती. वेलिनाला कुणी विचारलं नाही. एप्रिलमध्ये त्या दवाखान्यात अशाच पोरींची रांग असते, लवकर नंबर लागत नाही, त्यामुळे ऑपरेशन नाचाच्या अगदी तोंडावर झालं. डॉक्टरने बजावलं होतं की दीड महिना छातीचा पट्टा सोडायचा नाही आणि हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत.

नाचाच्या संध्याकाळी झगा पट्ट्यावर बसेना. रुम्यानाने पट्टा सोडला.

"आई, पाव ओढायला हात वर करावे लागतील," वेलिना म्हणाली.

"मिनिटभराचं काम आहे. नाही ओढलास तर सगळे विचारतील, का नाही ओढला. सांगायचंय का गल्लीला?"

"नेवेनामावशीला तरी सांगू?"

"तिला सांगितलं म्हणजे झालंच. तिच्या जिभेला हाड आहे का?"

म्हणून नेवेनाला कुणी सांगितलं नाही. अंगणात तिने पाव पोरीच्या डोक्यावर धरला आणि म्हणाली, "बघू गं, किती दम आहे! फुकट नाही मिळायचा!" वेलिनाने हात वर केले आणि ओढलं. ती किंचाळली. वाजंत्रीच्या आवाजात लोकांना वाटलं, पोरगी खुशीने ओरडली. टाळ्या पडल्या. मोठा तुकडा तिच्या हातात आला होता. मग तिचे दोन्ही हात धरून चुलतभावांनी तिला फेरात ओढलं आणि नाचवलं. गाडीच्या खिडक्यांतून पोरंपोरी शाळेची बारा वर्षं मोजत, एक ते बारा ओरडत निघून गेली. वेलिना मागच्या सीटवर डावा हात पोटाशी धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी डावी बाजू जांभळी पडून कलिंगडाएवढी झाली होती. आत रक्त साचलं होतं. ते काढायला हवं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाला, "सूज आहे, उतरेल."

सूज उतरली ती भलत्याच आकारावर. उन्हाळा संपेपर्यंत डावी पिशवी गळ्याच्या हाडापर्यंत वर चढली आणि लाकडासारखी कडक झाली. उजवी घसरून काखेत गेली. वेलिना बापाचे शर्ट घालायला लागली. तिने नदीवर जाणं सोडलं आणि पाठीला बाक काढून चालायला लागली.

कारणं मात्र सगळ्यांकडे तयार होती. रुम्याना म्हणाली, दृष्ट लागली, निरोपाच्या दिवशी किती जणांनी टक लावून बघितलं. प्लामेन म्हणाला, कुशीवर झोपली असेल, पोरीला मेलं कशाचं भान नाही. डॉक्टरला पावाचं कळलं तेव्हा त्याने हात झटकले. "तुम्ही खेडवळ माणसं. मी काय सांगितलं होतं?"

नेवेनाला हे सगळं तेव्हा कळलं. ती चुलीपुढे बसून राहिली. "मी ओढलं, स्पास," ती मला म्हणाली. "पोर किंचाळली आणि मी हसत होते."

सप्टेंबरमध्ये दारूच्या गुत्त्यावर कुणीतरी प्लामेनला म्हणालं, "काय रे, नवीन गाडी घेतलीस आणि दिवे एक आकाशाकडे, एक गटाराकडे?" सगळे हसले. प्लामेनने राकियाचा ग्लास संपवला, घरी गेला, आणि स्वयंपाकघरात बटाटे सोलणाऱ्या वेलिनाच्या तोंडावर उलट्या हाताने मारलं. तिचा पुढचा दात तुटून सालींत पडला.

"माझं नाक कापलंस!" तो ओरडला. "काय केलंस काय तू? काय केलंस?"

वेलिनाने काहीच केलं नव्हतं. हे त्या घरात कुणी बोललं नाही. रुम्यानाने दात उचलून कचऱ्यात टाकला आणि फरशी पुसली.

मग डॉक्टरने उपाय काढला. पिशवीभोवती आत कडक कवच धरलंय, म्हणाला, ते बाहेरून दाबून फोडायचं. कापायला नको, भूलही नको. नेवेना हट्टाने बरोबर गेली. त्या खोलीत काय झालं ते तिने मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं की उठून जायची.

डॉक्टरने बाह्या सरसावल्या. रुम्यानाला पाय धरायला सांगितले. दोन्ही तळवे डाव्या छातीवर ठेवून त्याने अंगाचा सगळा भार टाकला आणि पिळायला लागला. वेलिनाने नेवेनाचं मनगट तोंडात धरलं होतं. तिने ते रक्त येईपर्यंत चावलं. डॉक्टरच्या हनुवटीवरून घाम पोरीच्या पोटावर गळत होता. मग अक्रोड फुटावा तसा आवाज आला.

"झालं!" तो म्हणाला. "बघा, कसं मऊ झालं."

वेलिना शुद्धीवर नव्हती.

कवच आतल्या आत फाटलं होतं आणि पिशवीही. थंडी पडेपर्यंत सगळं पुन्हा आवळून आलं, आता कडेला एक कोपरा बाहेर काढून. डॉक्टर म्हणाला, पुन्हा दाबू, या वेळी दोन्हीकडे.

वेलिना म्हणाली, "मी जाणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ती बापाला नाही म्हणाली होती. प्लामेनने रबरी पाइप आणला. तिने पाठीवर किती फटके झेलले ते तिलाच माहीत. मग ती अनवाणी रस्ता ओलांडून आमच्याकडे पळाली. नेवेनाने तिला आत घेतलं, फाटक ओढून घेतलं आणि स्वतः फाटकाबाहेर उभी राहिली. मी द्राक्षमळ्यात छाटणीला गेलो होतो. पुढचं वेलिनाने खिडकीतून पाहिलं आणि कोर्टात शपथेवर सांगितलं.

प्लामेन कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आला.

"बाजूला हो, नेवेना."

"कशाला? डॉक्टरकडे जायचंय? तर तू जा. स्वतःचं दाबून घे, तुझंही बरंच सुटलंय."

"थट्टा नको. माझी पोर आहे."

"तुझी पोर आहे ना? मग तिची पाठ बघून ये एकदा. बैलालासुद्धा कुणी असं मारत नाही."

"तूच बिघडवलंस तिला. तुझ्या पावाने झालंय हे सगळं."

"हो, झालं," नेवेना म्हणाली. "मी ओढलं. म्हणून आता सोडणार नाही. आत जायचं तर माझ्या अंगावरून जा, प्लामेन."

पहिला दांडा तिने हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. ती फाटकाला पाठ लावून उभीच राहिली. दुसरा कानाच्या वर बसला. ती बसली, मग आडवी झाली. तिसरा त्याने मारला तेव्हा ती हलत नव्हती. वेलिना धावत येऊन फाटक आतून बाहेर ढकलत होती, पण नेवेनाचं अंग फाटकाला लागून पडलं होतं. फाटक उघडेना.

मी आलो तेव्हा नेवेनाचा जीव गेला होता, प्लामेन रस्त्यावर उकिडवा बसला होता आणि प्रत्येक येणाऱ्याला सांगत होता, "मी फक्त बाजूला केलं तिला. नुसतं बाजूला केलं."

तो आता तुरुंगात आहे. दवाखाना चालू आहे. डॉक्टरविरुद्ध आम्ही तक्रार दिली. तो म्हणतो, पेशंटने सूचना पाळल्या नाहीत. ते खोटंही नाही.

वेलिना माझ्याकडेच राहिली. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात एका बाई सर्जनने तिच्या दोन्ही पिशव्या काढल्या. डावी फाटून मधासारखी चिकट झाली होती. बाईंनी आम्हाला बसवून समजावून सांगितलं. पिशवी छातीपेक्षा मोठी, म्हणून कातडी आणि स्नायू ताणले. आतला खण जास्त खोदला, म्हणून ती घसरली. हात उचलल्याने रक्तस्राव झाला. ते रक्त वेळेत काढलं नाही, म्हणून कवच जाड झालं. आणि कवच हाताने फोडायची पद्धत जाणत्या डॉक्टरांनी केव्हाच सोडलीय, कारण त्यात हेच होतं. कधी कधी सगळं नीट करूनही कवच आवळतं, असंही बाई म्हणाल्या. ते कुणाच्याच हातात नसतं, आणि हे आधी सांगायला हवं असतं.

मग त्यांनी विचारलं, "माप कुणी निवडलं होतं?"

वेलिना म्हणाली, "बाबांनी."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

नेवेना गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, मार्चच्या एका दुपारी रुम्याना आमच्या फाटकाशी आली. बरोबर वेलिनाची धाकटी बहीण बिल्याना. ती फेब्रुवारीत अठराची झाली होती, आणि यंदा तिचा निरोपाचा नाच. रुम्याना विधवेसारखी काळ्या कपड्यांत होती. नवरा जिवंत असून तिने काळे घातले होते. मी तिला आत बोलावलं नाही. वेलिनाने बोलावलं.

"वेलिना, हिला तू समजाव," रुम्याना म्हणाली. "हिची तारीख ठरलीय. आणि म्हणते, ताईने हो म्हटल्याशिवाय जाणार नाही."

मी अंगणातला वेल छाटत होतो, माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

"आई, कसली तारीख?"

"अगं, हा डॉक्टर राजधानीतला आहे. चांगला आहे. वर्गातल्या पाच पोरी गेल्यात. आणि आपण लहान माप घेऊ. तुझ्या वेळी चुकलं, माप चुकलं. हिला एवढंच सांग की तुझा डॉक्टर वाईट होता."

"रुम्याना," मी म्हणालो, "माझी बायको इथे पडली होती."

"मला माहीत आहे, स्पास. तिच्यासाठी मी मेणबत्ती लावते." ती खरंच रडत होती. "पण हिच्या नशिबी काय? बाप तुरुंगात. अशा घरातली पोरगी. निदान अंगाने तरी कुणाच्या डोळ्यात भरली पाहिजे."

बिल्याना खाली बघत होती. वेलिनाने तिचा हात धरला आणि तिला आत नेलं. स्वयंपाकघराचं दार बंद झालं. बाहेर आम्ही दोघं उभे होतो. आतून आधी वेलिनाचा हळू आवाज येत होता, मग बिल्यानाचा हुंदका. वेलिनाने तिला काय दाखवलं ते मला विचारावं लागलं नाही. इस्पितळातून आल्यावर पहिले काही दिवस पट्ट्या मीच बदलल्या होत्या.

दार उघडलं. बिल्याना म्हणाली, "आई, मी जाणार नाही."

रुम्यानाने हात उगारला. त्या घरात नाही म्हटलं की हात उठायचा, तो तिचाही उठला. वेलिनाने तो हवेतच पकडला. तिचा डावा खांदा अजून नीट वर होत नाही. तिने उजव्या हाताने पकडला, आणि तिच्या बोटांची नखं पांढरी पडली.

"इथे कुणी मारणार नाही," ती म्हणाली. "इथे मारून झालंय."

रुम्यानाने हात सोडवून घेतला नाही. ती पायरीवर बसली आणि लहान मुलासारखी म्हणाली, "मग हिच्याकडे बघणार कोण गं?"

"तू बघ ना, आई," वेलिना म्हणाली. "एकदा तरी नीट बघ."

रुम्याना मान वर करेना. बिल्याना पुढे होऊन तिच्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात खाली सोडून, आणि आई बघेपर्यंत हलली नाही.