चौथ्या गिअरचं बटण

आमच्या गाडीतले पहिले तीन गिअर आपोआप पडायचे. चौथा मी टाकायची. यात सांगण्यासारखं काय आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे, मला सांगायचं आहे.

ब्याण्णव साली पुरुषोत्तमला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. वाचा शाबूत राहिली आणि तिरकसपणाही. आम्ही पुण्यात एकाच वर्गात शिकलो, म्हणून नवराबायको असूनही अरेतुरे करतो. सासूबाई ती तक्रार घेऊनच वर गेल्या. लग्नानंतर तो इथे, कानडी मुलखात, एका कारखान्यात यंत्रांची डिझाइनं करायला आला आणि आम्ही राजाजीनगरचे झालो. आजारपणात कारखाना सुटला. उरलं घर आणि घरात मी. दाढी, आंघोळ, शर्टाची बटणं, औषधं, संडास. हे सगळं मी नीट केलं. कुरकुर केली, पण नीट केलं. आमचं बोलणं मात्र "पाणी देऊ?" आणि "नको" एवढ्यावर येऊन ठेपलं होतं.

गाडी पुन्हा स्वतः चालवायची कल्पना त्याची. चामराजपेटेत बसवंतचं गॅरेज आहे. बसवंत निपाणीकडचा, त्याला मराठी आणि कानडी दोन्ही घरच्याच. त्याने आमच्या जुन्या काँटेसात भंगारातून आलेल्या एका जपानी गाडीचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. क्लच गेला, म्हणजे डाव्या पायाचं काम संपलं. स्टिअरिंग एका हाताने फिरवता यावं म्हणून त्याला मूठ लावली. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. पहिले तीन गिअर तेलाच्या दाबावर आपले आपण बदलत, पण चौथा, ज्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, तो विजेच्या इशाऱ्यावर पडतो. आणि तो इशारा देणारा कॉम्प्युटर जपानातच राहिला होता.

"बटण लावतो की," बसवंत म्हणाला. "एकदा दाबलं की पडतंय, परत दाबलं की निघतंय."

बटण आधी स्टिअरिंगच्या मुठीवर लावलं, तर वळणावर ते पुरुषोत्तमच्या अंगठ्याखाली भलत्याच वेळी दाबलं जायचं. दुसरा हात मांडीवर निपचित. शेवटी बसवंतने ते बटण माझ्या बाजूला आणून लावलं आणि म्हणाला, "अक्का, आता हे तुमचं काम."

मला गाडी चालवता येत नाही. पहिल्या दिवशी मी फार लवकर दाबलं, इंजिन कण्हायला लागलं. मग इतका उशीर केला की ते बोंबलायला लागलं. पुरुषोत्तम म्हणाला, "तुला स्वयंपाकात फोडणीची वेळ कळते, इथे काय होतं?" मी म्हटलं, "फोडणी माझ्यावर खेकसत नाही." तो हसला. किती दिवसांनी हसला होता, कुणास ठाऊक.

आम्ही रविवारी सकाळी मागडी रस्त्याला जायचो. सुरुवातीला तो "हं" म्हणायचा आणि मी दाबायची. मग "हं"ची गरज उरली नाही. चढ आला की चौथा काढायचा, सपाटी आली की टाकायचा. घरात मी त्याचं करणारी होते. गाडीत आम्ही दोघं मिळून एक काम करत होतो. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, पण आठवडाभर मी त्या रविवारच्या जिवावर काढायची.

पण अशा अवस्थेत चालवायचा परवाना नव्हता. असं चोरून किती दिवस चालवणार? म्हणून रीतसर परीक्षेला गेलो. परीक्षा घेणारे साहेब भले गृहस्थ होते. मागच्या सीटवर बसून त्यांनी एक फेरी पाहिली आणि विचारलं, "गाडी कोण चालवतंय? तुम्ही की मॅडम?" सगळं एकट्याने करता आलं पाहिजे, तरच परवाना, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं काही चुकलं नाही.

परतताना मला वाटलं पुरुषोत्तम खचला असेल. तो तर तडक बसवंतकडे गेला. "चौथा आपोआप पडेल असं कर. मला एकट्याला जाता आलं पाहिजे."

"एकटं कुठे जायचंय तुला?" मी विचारलं.

"कुठेही."

गरज सरो, वैद्य मरो. त्या दिवशी मी घरात भांडी इतकी आपटली की खालच्या गंगव्वा वर येऊन काय पडलं ते विचारून गेल्या. मला सगळ्यात जास्त राग त्याच्या "कुठेही"चा आला होता. ठिकाण सांगितलं असतं तर मी म्हणाले असते, चल, मीही येते. म्हणूनच त्याने सांगितलं नसणार, हेही मला कळत होतं.

बसवंतने वेगावर चालणारा एक स्विच मिळवून बसवला. ठरलेला वेग आला की चौथा पडणार, कमी झाला की निघणार. आता माझ्या सीटवर बसवंत आणि मागे मी. सपाट रस्त्यावर छान चाललं. मागडी रस्त्याचा चढ लागला आणि गाडीने रंग दाखवला. चौथा पडला, गाडीचा दम गेला, वेग उतरला, चौथा निघाला, वेग वाढला, पुन्हा पडला. चढ संपेपर्यंत गाडी नुसती गचके खात होती आणि पुरुषोत्तम एका हाताने मूठ घट्ट धरून बसला होता. बसवंतने स्क्रू फिरवून वेगाचं माप वाढवलं. मग सपाटीवर इंजिन बोंबलायला लागलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

चढाच्या माथ्यावर पुरुषोत्तमने गाडी बाजूला घेतली. "राहू दे बसवंत," तो म्हणाला. "नाही जमायचं."

आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. झटका आल्यावर इस्पितळात होता, अगदी तसा.

काय चुकतंय ते मला माहीत होतं. स्विच लावल्यावर पहिल्याच रविवारी कळलं होतं. गप्प बसले असते तर गाडी अशीच राहिली असती, परवाना मिळाला नसता आणि माझी सीट मला परत मिळाली असती. कुणी मला बोल लावला नसता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बसवंत हत्यारं पिशवीत भरू लागला.

"मी वेग बघून दाबत नव्हते," मी म्हटलं.

दोघांनी मागे वळून पाहिलं.

"काटा मी कधी बघितलाच नाही. मी याचा उजवा खांदा बघायची. चढावर हा पाय दाबतो तेव्हा खांदा ताठ असतो. पाय जरासा सैल सोडला की खांदा खाली येतो. तेव्हा दाबायची."

बसवंतने हातातली पिशवी खाली ठेवली. "म्हंजे पायावर पायजे," तो म्हणाला. "वेग एक आणि पाय एक. दोन्ही जुळल्याबिगर चौथा पडायचा नाही. सरी, अक्का. बरोबर."

पुरुषोत्तम माझ्याकडे बघत होता. माझा खांदा तू बघत होतीस, असं काहीतरी त्याला म्हणायचं असावं.

बसवंतने अॅक्सिलरेटरखाली दुसरा छोटा स्विच बसवला. पाय खोल गेला असेल तर वेग कितीही असो, चौथा पडायचा नाही. मागडीचा चढ गाडी एका दमात चढली आणि माथ्यावर पाय सैल होताच चौथा असा पडला की मला कळलंसुद्धा नाही. मला रडू येत होतं, पण मी म्हटलं, "झकास."

परवाना मिळाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पुरुषोत्तमला गाडीत बसवलं, त्याचा डावा पाय उचलून आत ठेवला आणि दार लावलं. तो गेला. मी वर येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. करायला काही सुचेना.

उन्हं चांगली वर आल्यावर हॉर्न वाजला. त्याला वर आणलं, खुर्चीत बसवलं. डोळे लाल दिसत होते.

"कुठे गेला होतास?"

"कारखान्याच्या मागच्या रस्त्याला. झाडाखाली गाडी लावली आणि रडलो."

मी लगेच उठले.

"बस," तो म्हणाला. "हेच. मला भरून आलं की तू टॉवेल आणतेस, पाणी आणतेस, डॉक्टरांना फोन करू का विचारतेस. तुझी धावपळ बघून मला थांबावं लागतं. आजारी पडल्यापासून थांबतोय मी."

मला आधी रागच आला. एवढं केलं ते काय याला रडू न देण्यासाठी? मग दिसलं की त्याचे ओठ वाकडे होतायत, आणि तो ते लपवत नाहीये. माझ्यासमोर तो रडायला लागला, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. दोरीवरचा टॉवेल माझ्या हाताच्या अंतरावर होता.

मी समोरच्या खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळाने मलाही रडू फुटलं. पाणी आणायला कुणी उठलं नाही.