उमेरचा सकर

गनी तांडेलाची सारी उमर मासे मारण्यात गेली आणि म्हातारपणी वाट्याला आलं ते एका माशाला जगवणं. राजिवडा बंदरावर यावर बरीच मस्करी झाली. ज्या माणसाने सुरमई, हलवा, मुशी खेचताना त्यांच्याकडे कधी धड पाहिलंही नाही, तो आता रोज सकाळी बाजारात कोवळी काकडी हुडकत फिरतो आणि भाजीवालीला ती कडू नाही ना म्हणून विचारतो. दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर गनी स्वतःच पोट धरून हसला असता. पण त्या घरातून हसू केव्हाच उठून गेलं होतं.

मासा उमेरचा. उमेर हा गनीचा आणि कुलसुमचा एकुलता एक मुलगा, आखातात जहाजं ओढणाऱ्या एका टगवर खलाशी. लग्नानंतर पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा बायकोची, नाझियाची, करमणूक व्हावी म्हणून त्याने काचेची दोन फुटी टाकी आणली आणि तिच्यात रंगीत मासे सोडले. काच चाटूनपुसून ठेवायला म्हणून बोटाएवढा एक काळा, ठिपक्यांचा मासाही सोडला. दुकानात त्याला सकर म्हणतात. त्याचं तोंड खालच्या अंगाला. ते काचेला चिकटवून दिवसभर शेवाळ खरवडत राहायचं, एवढाच त्याचा उद्योग. रंगीत मासे वर्षभरात एकेक करून मेले. सकर तेवढा उरला आणि वाढत सुटला, तो पार कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा झाला. उमेर फोनवर बायकोच्या आधी त्याची चौकशी करायचा आणि नाझिया लटकं रागवायची. पुढल्या सुट्टीत आलो की याला मोठी टाकी बांधू, तोवर सांभाळा, असं त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

ती सुट्टी आलीच नाही. टग वादळात उलटला. काही जणांची मढी हाती लागली. उमेर आणि आणखी दोघं सापडले नाहीत. कंपनीचा माणूस सुरुवातीला फोनवर गोड बोलला, मग त्याने फोन उचलणं सोडलं.

जमातीची चार वडीलधारी माणसं घरी आली. मयत समोर नसली तरी आपल्यात गायबाना जनाज्याची नमाज चालते, ती पढून घेऊ, उमेरच्या नावाने दुवा करू, असं त्यांनी हळू आवाजात सुचवलं. कुलसुम दाराआडून ऐकत होती. ती पुढे आली आणि टाकीकडे बोट करून म्हणाली, "त्याचा मासा जित्ता हाय तवर माजा पोर जित्ता हाय. मासा मेला की या."

हे तिच्या डोक्यात कुठून आलं कुणास ठाऊक. असं मानणं आपल्या दीनधर्मात बसत नाही, हे मौलवींनी तिला बसून समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि काकडीच्या चकत्या करायला आत गेली.

गनीला मात्र कसलीच शंका नव्हती. दर्या काय परत देतो आणि काय देत नाही, हे होडी हाकणाऱ्या तांडेलाला कुणी सांगावं लागत नाही. शिवाय त्याच्या डोळ्यांसमोर नाझिया होती. चोवीस वर्षांची पोर, ना धड सवाष्ण ना विधवा. नवऱ्याची मौतच कबूल नाही तर विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत कशाची पाळायची, आणि इद्दत नाही तर दुसरा निकाह, पुढचं सगळंच अडलं. हातखंब्याहून तिचा भाऊ दोनदा येऊन, चहा पिऊन, तिला न्यायचा विषय न काढताच परत गेला होता. गनी कुलसुमला रोज तेच सांगायचा, की पोर गेला, आता त्याला जाऊ दे आणि या पोरीला मोकळी कर. कुलसुम मासा सांभाळा, एवढंच म्हणायची.

तिचे गुडघे धरले आणि ते सांभाळणंही गनीच्याच गळ्यात पडलं. आधी त्याने ते शिव्या देत केलं. नळाचं पाणी बादलीत रात्रभर उभं ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. मग टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच नवं घालायचं. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. काकडी नाहीतर दुधीची चकती दगडाखाली दाबून तळाशी सोडायची आणि उरलेली सडायच्या आत काढून घ्यायची. माशाला खरवडायला लाकडाचा एक ओंडकाही लागतो, तो नाझियाने दुकानातून आणला. एवढा मासा खातो भरपूर आणि घाणही भरपूर करतो. दोन फुटांच्या डबक्यात ते पाणी टिकणार किती? गनी मेहनत करायचा, पाणी तरी गढूळच दिसायचं. माशाला वळताना शेपटी दुमडून घ्यावी लागायची आणि त्याच्या पाठीला बारीक बाक आला होता.

पुढे काय झालं ते गनीने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. एके दिवशी चकती सोडताना मासा वर आला आणि त्याच्या बोटाला तोंड लावून राहिला. गनीने हात काढला नाही. त्या दिवसापासून सकाळी उठल्यावर त्याची पहिली नजर टाकीकडे जायला लागली. मासा हललेला दिसला की छातीवरचं ओझं थोडं उतरायचं. असली खुळचट आशा आपल्याला शोभत नाही हे त्याला कळत होतं. कुलसुमला तो अजूनही रोज म्हणायचा की पोर गेला. फक्त आता ते म्हणून झालं की टाकीकडे पाठ करून बसायचा.

मासा मलूल झाला तेव्हा तो नाझियाला घेऊन दर्शनच्या दुकानात गेला. दर्शन मिरजोळ्याच्या बाजूचा पोरगा, टाक्या बांधून विकायचा. त्याने नाझियाच्या फोनमधला फोटो मोठा करून बघितला. हा मासा आणखी वाढणारा, याला निदान पाच फुटी टाकी हवी, असल्या डब्यात तो कुजत जाणार, असं त्याने सरळ सांगितलं. रोज थोडं थोडं पाणी बदला, हवेचा पंप जास्त चालवा, आणि मीठ किंवा औषध आपल्या मनाने घालू नका, या जातीला ते सोसत नाही, असंही बजावलं. नाझिया बाहेर पडल्यावर गनी मागे रेंगाळला आणि पाच फुटी टाकी बांधायला सांगून आला. आठवड्याने मिळणार होती. घरी बोलला नाही. इतके महिने ज्या तोंडाने पोर गेला म्हणून सांगितलं, त्याच तोंडाने त्याच्या माशाला महाल बांधतोय हे सांगायची त्याला लाज वाटली.

पण मासा आठवडाभर तग धरेल असं दिसेना. त्याचे पंख झडायला लागले, अंगावर पांढुरकं चढलं आणि तोंडाची काचेवरची पकड सुटून तो सारखा तळाशी आडवा व्हायला लागला. गनी त्याच्यासमोर बसून राहिला. बसून राहणं हे त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याला आठवलं, हॉटेलवाल्यांसाठी जिवंत ठेवलेल्या शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, टबात मरगळल्या की बंदरावरचे खलाशी काय करायचे. जुनं पाणी ओतून भरतीचं ताजं पाणी घालायचे, की शेवंडी पुन्हा पाय झाडायला लागायच्या. मासा तो मासा. गोड्या पाण्यातला असला तरी त्याची मूळ आई दर्याच ना? दर्शनने मीठ नको म्हटलं होतं, पण मीठ म्हणजे पुडीतलं. दर्याचं पाणी म्हणजे मीठ नव्हे, हे दुकानात बसणाऱ्या पोराला काय कळणार, असं गनीने स्वतःला पटवलं.

दुसऱ्या दिवशी भरती लागल्यावर तो कॅन घेऊन गेला आणि स्वच्छ, निळसर पाणी भरून आणलं. अर्धी टाकी उपसली आणि त्या पाण्याने भरली. मासा एकदम उसळला. टाकीभर धडका घेत फिरला, काचेवर आपटला, पाणी जमिनीवर उडालं. गनीला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! शेवंडी अशाच उठायच्या. त्याने कुलसुमला हाक मारून बोलावलंसुद्धा.

ती भिंत धरत धरत येईपर्यंत मासा पोट वर करून तरंगायला लागला होता. कल्ले दोनचार वेळा उघडले, मग तेही थांबले.

कुलसुम टाकीपाशी उभी राहिली. कोपऱ्यातल्या कॅनकडे तिने पाहिलं. मग टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"ह्यात दर्या घातलात तुमी," ती म्हणाली.

"वाचवायला घातला गो. शेवंडीला घालतात तसा."

"तांडेल ना तुमी? तुमाला पानी कळत नाय?"

गनीला बोलायचं होतं. पण इतके महिने रोज आपणच काय म्हणत होतो ते त्याला आठवलं.

"माज्या पोराला ज्यान गिळलान, तोच घरात आनून ओतलात," कुलसुम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "बोलवा जमातीला. तुमाला हवा होता ता झाला."

जुम्याच्या नमाजीनंतर मशिदीत सफा, नमाजींच्या रांगा, लागल्या. समोर काहीच नव्हतं, नुसती मोकळी फरशी. गनी पहिल्या रांगेत उभा राहिला. आजूबाजूची माणसं त्याच्या खांद्याला हात लावून म्हणत होती की सबर कर, सुटला पोरगा. ज्या नमाजीसाठी त्याने बायकोशी एवढा वाद घातला, ती नमाज त्याला मधेच मोडून पळून जावंसं वाटत होतं. पोर गेला, हे त्याला त्या मोकळ्या फरशीकडे बघताना पहिल्यांदा समजलं.

त्यानंतर कुलसुम त्याच्याशी कधीच फारसं बोलली नाही. वाढलेलं ताट ठेवायची आणि निघून जायची.

नाझिया इद्दतीला बसली, आणि ती संपल्यावर तिला न्यायला हातखंब्याहून भाऊ आला. निघायच्या आधी ती गनीजवळ येऊन बसली. टाकीची जागा रिकामी होती. तिने खालमानेने, अगदी हळू सांगितलं, "अब्बा, दर्शनन मीठ घालू नका म्हनून सांगितलान, तवा मी तिथेच हुती. अम्मीला मी ह्या कदी बोलली नाय, बोलनार पन नाय. तुमी ता माज्यासाठी, मला मोकळी करायला केलात. माज्या सख्ख्या बापान नसता केलान."

गनीने तिच्याकडे पाहिलं. दर्शनकडे पाच फुटी टाकी तयार होऊन पडलीय, मी तो मासा वाचवायलाच बघत होतो, मीसुद्धा उमेरची वाट बघत होतो, हे सगळं त्याला सांगता आलं असतं. या घरातल्या एका तरी माणसाला कळलं असतं की त्याने मासा मुद्दाम मारला नव्हता. पण बाहेर भाऊ रिक्षात बॅग ठेवत होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोरीच्या चेहऱ्यावर थोडा उजेड दिसत होता.

"होय गो पोरी," तो म्हणाला. "तुज्यासाठीच केला."

तिने वाकून त्याच्या हातांचा मुका घेतला आणि ती गेली. रिक्षाचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत गनी तसाच बसून होता. पोरीचं भलं व्हावं म्हणून आपण खोटं बोललो, असं तो मनाला सांगत होता. पण दर्शनने मीठ नको म्हणून सांगितलं होतं आणि आपल्या कानांनी ते ऐकलं होतं, हे त्याला विसरता येईना. मग पोरीसाठी मुद्दाम केलं हे खोटंच होतं, याची खात्री त्याची त्यालाच देता येईना.