कठड्याजवळची राखीव जागा

मित्रांनो, वीतभर लांबीची, सागवानी लाकडाची मी एक जुनी पाटी आहे. माझ्या अंगावर तीनच अक्षरं कोरलेली आहेत : राखीव. चंद्रपुरातल्या एका चार मजली हॉटेलच्या गच्चीवर जो झगमगीत बार आहे ना, तिथं मी राहते. तुम्ही म्हणाल, बारमध्ये आमचं काय काम? खरं आहे. पण आईस्क्रीमसाठी आईबाबांचा हात ओढत वर आलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत, तेव्हा फार साळसूदपणा नको. ऐका. आज मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

मला देवराव मिस्त्रींनी घडवलं. दाराच्या चौकटीतून उरलेला आलापल्लीच्या सागाचा तुकडा त्यांनी रंधला, घासला आणि तेल पाजून चकचकीत केला. अक्षरं कोरताना ते श्वास रोखून धरत. तेव्हा हॉटेल म्हणजे खालच्या मजल्यावरची साधी खानावळ होती. कुणाच्या घरी साखरपुडा असला, कुणाचं पोरगं परीक्षेत पास झालं, की मला एखाद्या टेबलावर ठेवायचे. माणसं दारातूनच मला पाहत आणि त्यांचे चेहरे फुलत. आपल्यासाठी कुणीतरी जागा धरून ठेवली आहे, या गोष्टीचा आनंद किती मोठा असतो, ते मी तिथं पाहिलं. लोक माझ्यासोबत फोटो काढत. मी अगदी फुशारून गेले होते.

मग जिल्ह्यातली दारूबंदी उठली आणि मालकांनी गच्चीवर बार थाटला. रंगीत दिवे आले, कानठळ्या बसवणारी गाणी आली आणि चंदन नावाचा मॅनेजर आला. त्यानं मला खोटं बोलायला लावलं. जिन्यातून येणाऱ्या माणसाच्या पायांकडे तो आधी बघायचा. चपला झिजलेल्या दिसल्या, की झटकन मला रिकाम्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "सॉरी, फुल्ल आहे." बारा टेबलं रिकामी असायची हो! ज्यांना बसू दिलं त्यांचीही काही चैन नव्हती. रोटी थंडगार, कोंबडी आतून कच्ची, पाणी मागावं तर वेटर गायब, आणि तक्रार केली की चंदन दात काढून म्हणायचा, "हमारे यहाँ ऐसाच बनता है." मेनूकार्डावर सगळ्यात वर झोकात छापलं होतं, 'जंगल स्पेशल मोहफूल सरबत'. त्यात मोहाचं एक फूलही नसायचं. बाटलीतला पिवळा पाक असायचा. मला तोंड असतं, तर मी गच्चीवरून ओरडून सांगितलं असतं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मी काउंटरवर पडले होते. फोन वाजला. पलीकडून ललिता मडावी बोलत होती. ती नुकतीच वनरक्षक म्हणून लागली होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"भाऊ, मी फॉरेस्टातली मडावी बोलतो. कठड्यापाशी दोघींसाठी जागा ठेवा. माही माय येऊन राह्यली गावावरून. तिनं आजवर साऱ्याइले वाढलं, पण तिले बसवून कोणी वाढलं नाई. मले उशीर झाला तं तिले बसवून घ्या."

चंदनचे कानही त्याच्यासारखेच. एवढ्या बोलण्यातून त्यानं फक्त वनखातं तेवढं ऐकलं. वहीत लिहिलं, 'मडावी मॅडम, फॉरेस्ट'. मला पुसून कठड्याजवळच्या टेबलावर ठेवलं. किती दिवसांनी मी खरं बोलणार होते! मला जुने दिवस आठवले.

साडेपाचलाच ललिताची माय, मंगलीबाई, आली. पोंभुर्ण्याकडची बस तिला लवकर सोडून गेली होती. चार मजले चढून आली, दाराशी चपला काढून ठेवल्या, कारण जेवायच्या ठिकाणी चपला घालून कोण जातं? चटके देणाऱ्या फरशीवरून अनवाणी चालत ती कठड्याजवळ आली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत अगदी कडेला टेकून बसली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्यावरून बोट फिरवलं आणि लाकूड ओळखून हसली.

"ओ बाई! उठो, उठो. हे रिझर्व आहे, दिसत नाही का?" चंदन धावत आला.

"माह्या पोरीनं सांगतलं भाऊ, इथी बस म्हून..."

"इथं मोठ्या मॅडम येणार आहेत. तिकडं बसा."

बाई उठली. तिला वाईट वाटलं असेल, पण तिनं ते दाखवलं नाही. उलट काखेतलं फडक्याचं गाठोडं त्याच्यापुढे धरलं. "हे घे बापा. औंदाचे मोह हायत, म्या सोता वेचून वाळवले. कोनाच्या घरी जेवाले जाचं तं खाली हातानं काऊन जाव?"

मित्रांनो, हॉटेल हे कुणाचं घर नसतं, हे तिला माहीत नव्हतं. चूक म्हणायची तर एवढीच. भर उन्हाळ्यात पहाटे उठून, वाकून वाकून एकेक फूल वेचलेलं होतं ते. चंदननं गाठोडं चिमटीत धरलं, "बाहेरचं खाणं अलाऊड नाही" म्हणाला आणि उष्ट्याच्या डब्यात टाकलं. भिंतीवर टांगलेल्या त्याच मोहफूल सरबताच्या मेनूकार्डाखाली तो डबा होता! माझ्या अंगाची आग झाली.

तिला बसवलं कुठं, तर स्वयंपाकघराच्या दाराशी, रिकाम्या सिलेंडरांजवळ, प्लॅस्टिकच्या स्टुलावर. आतल्या पंख्याची गरम वाफ थेट तिच्या तोंडावर येत होती. तिनं दोनदा पाणी मागितलं. कुणी दिलं नाही. तासभर ती तशीच बसली आणि तासभर तिच्याचसाठी ठेवलेलं टेबल मी राखत बसले. तिच्याचपासून!

मग खाकी गणवेशात ललिता आली. चंदन कमरेत वाकला. "या मॅडम, तुमचं टेबल तयार आहे."

"माही माय आली असन ना?"

"नाही मॅडम, कोणीच आलं नाही."

ललितानं मायला फोन लावला. सिलेंडरांमागून घंटी वाजली.

तिथं जाऊन तिनं जे पाहिलं, त्यानं तिचा आवाजच चढला. "हे माय होय माही! माणूस दिसत नाई का तुले?" चंदन पांढराफटक पडला. खुर्ची ओढू लागला, पाणी मागवू लागला, सगळं जेवण आमच्याकडून म्हणू लागला. मंगलीबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माह्ये मोह कुठी हायत?"

त्यानं अंकुश वेटरला हाक मारली.

"त्याले काऊन बलावतं? तू टाकले, तूच काढ."

गाणी बंद झाली होती. सगळी गच्ची बघत होती. चंदननं बाह्या सारल्या, डब्यात हात घातला आणि रश्शानं माखलेलं, हाडं चिकटलेलं ते फडकं बाहेर काढलं. "सॉरी मॅडम," तो ललिताकडे बघून म्हणाला. मंगलीबाईकडे त्यानं तेव्हाही पाहिलं नाही.

"बस ना माय," ललिता रडकुंडीला आली होती, "तुह्यासाठीच ठेवली ना जागा. म्या वाढतो तुले."

"मी मांगाले नोती आली बाई. पावनी आलती," मंगलीबाई म्हणाली आणि चपला घालून जिना उतरली.

त्या संध्याकाळी ललिताच्या खोलीवर जाऊन चुलीशी कोण उभं राहिलं असेल, भात कुणी टाकला असेल आणि कुणी वाढला असेल, हे मला कुणी सांगायला नको.

चंदन अजून इथंच आहे. मीही आहे. म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. मला नीट पुसा, उन्हात टाकू नका, असलं काही मी मागत नाही. पुढच्या वेळी मोठ्यांचा हात धरून कुठल्याही हॉटेलात जाल आणि रिकाम्या टेबलावरून कुणाला उठवताना पाहाल, तेव्हा गप्प बसू नका. मोठ्यानं विचारा, "कुणासाठी राखीव आहे? नाव सांगा." त्या दिवशी गच्चीवर चार टेबलं भरलेली होती. त्यातल्या एकानं जरी एवढं विचारलं असतं, तर चंदनला वही उघडावी लागली असती, आणि मंगलीबाईला जन्मात एकदा तरी बसल्या जागी कुणी गरम भात वाढला असता.